पहिल्या खुर्चीचा मान

"आबा, मी जातो म्हणतोय."

हे मी बोललो तेव्हा माझ्या हातातला वस्तरा आबांच्या गळ्यावर होता. त्यांची मान मागं टाकलेली, तोंडाला फेस, डोळे मिटलेले. मोका मी मुद्दामच धरला होता. गळ्यावर पातं असताना माणूस बोलत नाही, हलत नाही, अंगावर धावून तर मुळीच येत नाही. समोरासमोर सांगायची माझी छाती नव्हती, खोटं कशाला बोलू?

आबांनी डोळे उघडले. आरशातून नव्हे, सरळ वर माझ्या तोंडाकडं बघितलं आणि ओठ न हलवता म्हणाले, "हात थांबवू नगंस. अर्ध्या दाढीतनं वस्तरा उचलत न्हाईत."

मी हात चालवला. पण त्या दिवशी आबांची दाढी करायला मला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला.

आबा म्हणजे धोंडीराम साळुंखे. कराडात मंडईच्या रस्त्याला 'प्रभात केशकर्तनालय' म्हणून दोन खुर्च्यांचं दुकान होतं, ते त्यांचं. एक खुर्ची त्यांची, एक माझी. माझी म्हणजे काय, मी तिच्यामागं उभा राहायचो एवढंच. पाटणकडच्या खेड्यातून माझ्या बापानं मला त्यांच्या हवाली केलं तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं. आबांनी मडक्याला फेस फासून त्यावर वस्तरा फिरवायला शिकवलं. मडक्यावर हात बसला तेव्हा एक दिवस स्वतः खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आता ह्यो गाल घे." हनुवटीखाली चांगली चीर गेली, रक्त आलं. आबांनी तुरटी फिरवली, म्हणाले, "हां, आता दुसरा गाल." हनुवटीखालचा तो व्रण पुढं कायम राहिला. नवं गिऱ्हाईक आलं की आबा तो दाखवायचे, "ही आमच्या मच्छिंद्राची सही."

तेव्हापासून आमचा नेमच पडला. दुकान उघडायचं, देवाला उदबत्ती लावायची आणि दिवसाची पहिली दाढी आबांची. "पहिला वस्तरा घरच्या माणसाला लागला की दिवस चांगला जातोय," म्हणायचे. सोमवारी दुकान बंद, हत्याराला हात लावायचा नाही. मंगळवारी सकाळी आबा एका दिवसाच्या खुंटानं असे बेजार झालेले असायचे की विचारू नका. "लवकर हत्यारं काढ रं बाबा, तोंडावर कुसळं उगवल्यात." उभ्या जन्मात ह्या माणसानं एका दिवसापलीकडं वाढलेली दाढी बघितली नव्हती. आणि स्वतःची दाढी स्वतः कधी केली नव्हती. म्हणायचे, "आपला हात आपल्या कानाखाली पोचत न्हाई. तितं दुसराच माणूस लागतोय."

तर त्या सकाळी दाढी झाली. आबांनी टॉवेलनं तोंड पुसलं, खुर्चीतच बसून राहिले.

"आता बोल. कशापायी चाललास?"

मी कारणं पाठ करून आलो होतो. म्हणालो, "भागत न्हाई आबा. पोरं मोठी झाली."

"मग सांगायचं. आजपासनं तुझ्या खुर्चीचं सगळं तुझं. मला भाड्यापुरतं दे."

घ्या! पहिल्याच डावात चीत. मी म्हणालो, "तसं न्हाई. रातच्याला घरी जायला उशीर हुतो, रत्ना कुरकुरती." रत्ना म्हणजे माझी बायको.

"दिवेलागणीला जात जा. मी बसतो पुढं."

"मलकापुरात नवी वसाहत झालीया. तितं एक बी दुकान न्हाई."

"मग तितं आपलं दुसरं दुकान टाकू. तू बघ."

एक कारण पुढं केलं की आबा ते उचलून बाजूला ठेवत होते. माझी अवस्था धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी. शेवटी कारणंच संपली. आबा म्हणाले, "मच्छिंद्रा, पोटातलं कारण वेगळं हाय. ते सांग. सांगितलंस तर मी सोता नारळ फोडाय येतो."

पोटातलं कारण होतं. पण ते सांगण्यासारखं नव्हतं. सांगितलं असतं तर आबा हसले असते, किंवा त्याहून वाईट, हसले नसते. मी नुसता पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिलो.

"बरं," आबा उठले. "गिऱ्हाईक आलंय बघ."

त्यानंतर महिनाभर मी तिथं काम केलं. रोज सकाळी त्यांची दाढी केली. आम्ही पावसापाण्याचं बोललो, भाजीच्या भावाचं बोललो, पण त्या विषयावर एक अक्षर नाही. मग मी आबांचं दुकान सोडलं आणि कराडला लागूनच असलेल्या मलकापुरातल्या गाळ्याच्या मागं लागलो. रंग दिला, आरसे बसवले, खुर्ची आणली. एकच खुर्ची, पण नवीकोरी, वर-खाली होणारी.

आमच्या लोकांत एक रीत आहे. नवं दुकान काढलं की पहिल्या खुर्चीचा मान गुरूचा. ज्यानं हातात वस्तरा दिला, त्यानं येऊन बसायचं, त्याच्या गालावर दुकानातला पहिला वस्तरा चालवायचा, मग बाकीचं जग. गुरू आला नाही तर लोक काय ते समजतात. आता हा शिकवल्या हातावर उलटून गेला, असंच म्हणतात. म्हणून मला बाकी कुणी नाही आलं तरी चाललं असतं, पण आबा यायला हवे होते. आणि खरं सांगायचं तर लोकांसाठी नव्हे. आबांनी 'जा' असं म्हटलेलंच नव्हतं. ते येऊन बसले असते तर मला ते 'जा' मिळालं असतं.

मी आणि रत्ना नारळ, हळदकुंकू घेऊन आवतण द्यायला गेलो. दुकानाच्या मागंच त्यांचं घर. जिजींनी, म्हणजे आबांच्या बायकोनं, रत्नाची ओटी भरली, चहा टाकला. आबा बाजेवर बसले होते. मी बघतच राहिलो. दाढी वाढलेली. दहा-बारा दिवसांची, पांढरी, गालभर.

"आबा, तब्येत बरी न्हाई का?"

"बरी हाय की."

"न्हाई, दाढी..."

"ऱ्हायली." त्यांनी नारळ घेतला आणि फळीवर ठेवला. "कवा हाय?"

"येत्या गुरवारी. नऊपासनं साडेधापर्यंत मुहूर्त हाय. पहिल्या खुर्चीत तुमीच, आबा."

"बघू."

"बघू कसलं? तुमी आलं पायजे."

"बघू म्हणलं न्हवं?"

वाटेत रत्ना म्हणाली, "म्हातारं लई रागावलंय." मलाही तेच वाटलं. रागानं माणसाचं स्वतःकडं लक्ष राहत नाही, दाढी वाढते, असा मी अर्थ लावला. हजारो दाढ्या केलेला माणूस मी, पण त्या दाढीचा अर्थ मला लागला नाही.

गुरुवार उजाडला. दारावर आंब्याचं तोरण, आत उदबत्त्या, पेढ्यांचं ताट. शेजारचा किराणावाला, सासुरवाडीची माणसं, सगळे आले, नमस्कार करून, पेढा तोंडात टाकून गेले. खुर्ची रिकामी. नऊ वाजून गेले, साडेनऊ झाले. माझं अर्धं लक्ष रस्त्याकडं. आबांसारखी पांढरी टोपी दिसली की मी पायरीपर्यंत जाऊन यायचो.

रत्ना म्हणाली, "आवो, आवतण दिलं, पण आज न्यायला कुणी गेलंय का? मानाच्या माणसाला बोलवाय जायाचं असतंय."

"दुकान उघडं टाकून मी कसा जाऊ?"

"मग मी जाते."

"काय नको. यायचं असलं तर येतील. मी हळदकुंकू घेऊन पायरीला गेलो हुतो, अजून काय पाय धरू?"

हे मी बोललो. असं बोलताना आपण मोठे ताठ मानेचे वाटतो. तोरणाचं एक पान सुटलं होतं ते रत्नानं नीट केलं.

दहा वाजून गेले. मुहूर्त सरत आला. आणि तेवढ्यात दारात कोण उभं राहावं? इनामदार वकील!

आता तुम्हाला पोटातलं कारण सांगतो. हे इनामदार वकील दर आठवड्याला आबांच्या दुकानात यायचे आणि माझ्याच खुर्चीत बसायचे. वर्षानुवर्षं. त्यांच्या डोक्यावरचा भोवरा, मानेवरचा तीळ, सगळं मला पाठ. ते मला हाक मारायचे ती "ए, जरा कानामागचं बघ." एकदा ते मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. आबांना पत्रिका दिली, वर सुबक अक्षरात नाव, 'श्री. धोंडीराम साळुंखे, सहकुटुंब'. मी खुर्ची पुसत उभा होतो. वकिलांना बहुतेक वाईट वाटलं असावं. म्हणाले, "तुझं काय रे नाव?" मी सांगितलं. "बरं, बरं. तूही ये आबांबरोबर."

बस्स, एवढंच. कुणी शिवी दिली नाही, कुणी लाथ मारली नाही. पण त्या रात्री मला जेवण गेलं नाही. इतकी वर्षं ह्या माणसाचं डोकं माझ्या हातात, आणि त्याला माझं नाव माहीत नाही! आणि मग मोजायला लागलो, तर कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्या कराडात मी 'आबांकडचा तो'. आबांचा काय दोष त्यात? काही नाही. पण मला एक पाटी हवी होती. तिच्यावर माझं नाव. हे कारण आबांना कुठल्या तोंडानं सांगणार? पैसा मागता येतो, वेळ मागता येतो. नाव कसं मागायचं?

तर हे वकील दारात उभे. वर मान करून पाटी वाचत होते, मोठ्यानं. "मच्छिंद्र हेअर कटिंग सलून. प्रोप्रायटर मच्छिंद्र काशीद. वा! काय मच्छिंद्रराव, बोहनी झाली का?"

मच्छिंद्रराव! माझ्या कानात कुणी मध ओतल्यासारखं झालं. इथंच माझा घात झाला.

"या या, वकीलसाहेब."

"अकराला तारीख आहे. वसाहतीत अशिलाकडे आलो होतो, म्हटलं दाढी उरकून जावी. होईल ना पटकन?"

मी रस्त्याकडं बघितलं. रत्नाकडं बघितलं. ती डोळ्यांनी नको म्हणत होती. पण बोहनीचं गिऱ्हाईक दारातून परत पाठवायचं म्हणजे लक्ष्मीला धक्का मारायचा, असं धंद्यात प्रत्येकाच्या हाडात मुरलेलं असतं. मुहूर्ताची दहा-पंधरा मिनिटं उरलेली. आणि आबा काय आता येत नव्हते.

"बसा," मी म्हणालो.

नव्या खुर्चीवर वकील बसले. मी पांढरं कापड झटकलं, फेस केला, वस्तरा परजला. एक गाल झाला. दुसऱ्या गालाला वस्तरा लावला आणि सहज आरशात नजर गेली, तर आरशात दार, आणि दारात आबा.

पांढरंशुभ्र धोतर, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर नवी टोपी, काखेत पिशवी. लग्नाला निघाल्यासारखे. आणि गालभर पांढरी दाढी. चांगली पंधरा-वीस दिवसांची.

मी कसा होतो तसाच राहिलो. क्षणात सगळं कळलं. मी आबांचं दुकान सोडलं त्या दिवसापासून ह्या माणसानं तोंडाला वस्तरा लागू दिला नव्हता. एका दिवसाच्या खुंटानं कासावीस होणारा माणूस, एवढे दिवस ते तोंड घेऊन हिंडला. राग नव्हता तो. गाल राखून ठेवला होता माझ्यासाठी.

"आबा..." माझा हात वर उचलला गेला.

"हात थांबवू नगंस," आबा दारातूनच म्हणाले. "अर्ध्या दाढीतनं वस्तरा उचलत न्हाईत."

वकिलांनी फेसातून हसून बघितलं. "अरे, आबा! या. तुमच्या चेल्यानं झकास दुकान थाटलंय हो. आणि हे काय, दाढी वाढवलीत? संन्यास घेताय की काय?"

"व्हय, जरा ऱ्हायली," आबा हसले. "हात चांगला हाय पोराचा, वकीलसाहेब. निवांत बसा."

"आबा, बसा की बाकावर. दोन मिनटं. आत्ता हुतंय."

"कर तू, कर."

रत्ना पेढ्याचं ताट घेऊन पुढं झाली, वाकून पाया पडली. आबांनी पेढा घेतला, पण तोंडात टाकला नाही, हातातच धरला. मग दोन पावलं मागं सरकून रस्त्यावर उभे राहिले आणि टोपी सावरत त्यांनी पाटी वाचली. सावकाश, एकेक अक्षर. मला आरशात दिसत होतं. माझा वस्तरा वकिलांच्या गळ्यावर होता. गळ्यावर पातं असताना दाढी करून घेणारा हलू शकत नाही एवढंच मला माहीत होतं. करणाराही हलू शकत नाही, हे त्या दिवशी कळलं.

बाहेर पायरीवर नारळ फुटल्याचा आवाज आला.

वकिलांची दाढी उरकली, कापड तसंच त्यांच्या अंगावर टाकून मी धावत बाहेर आलो. पायरीवर नारळाची दोन भकलं, पाणी वाहत गेलेलं. आबा नव्हते. एस.टी. थांब्यापर्यंत पळालो, तिथंही नव्हते.

गल्ल्यावर रत्नाला बसवून मी सायकल काढली. आबांचं दुकान बंद. मागं घराकडं गेलो तर जिजी दारातच. मला बघून पदर तोंडाला लावला.

"सकाळधरनं कापडं करून बसलं हुतं रं," जिजी म्हणाल्या. "आता येतंय कुणीतरी न्यायाला, आता येतंय म्हणून. मी म्हणलं, आपलंच पोरगं हाय, जावा की आपणहून. तर म्हणत्यात, मान मी मागून घिऊ व्हय? आन् धा वाजल्याव उठलं नि म्हणालं, जाऊंदे, लेकराचा मुहूर्त चुकंल."

मी परसात गेलो. आबा उन्हात पाटावर बसले होते. टोपी काढून ठेवलेली. भिंतीच्या खिळ्याला छोटा आरसा टांगलेला, तोंडाला फेस आणि हातात वस्तरा. स्वतःची दाढी स्वतः करत होते. दुसऱ्यांच्या गालावर लोण्यासारखा फिरणारा हात स्वतःच्या गालावर अडखळत होता. आरशात उजवं-डावं चुकत होतं.

मी खाली बसलो. "आबा, द्या हिकडं. मी करतो."

"नगं."

"आबा, चुकलं माझं. मी तुमाला न्यायला याय पायजे हुतं."

"चुकलं कशाचं? बोहनीचं गिऱ्हाईक परत लावत न्हाईत. मीच शिकवलंय न्हवं?" त्यांनी पातं गालावरून खाली ओढलं, थांबले, पुन्हा ओढलं. "पाटी वाचली मी."

पात्यावरचा फेस त्यांनी बोटावर पुसून घेतला.

"एवढंच हुतं व्हय, मच्छिंद्रा? मला सांगायचंस. आपल्याच पाटीवर घातलं असतं नाव. खाली न्हाई, वर. मला काय करायचंय नाव, मला सगळं गाव वळखतंय."

मला रडू आलं. घळाघळा रडलो मी तिथं, मोठा बाप्या माणूस. आबांनी माझ्याकडं बघितलं नाही, आरशातच बघत राहिले.

"कारण कळलं म्हणून नारळ फोडला," ते म्हणाले. "म्हणलं हुतं तसं. आता जा. पहिल्या दिवशी मालकानं दुकान सोडून हिंडू नये."

"निदान कानाखालचं तरी मला करू द्या. तितं तुमचा हात पोचत न्हाई."

"पोचंल," आबा म्हणाले. "आता सवय कराय पायजे."

तर हे असं झालं. दुकान माझं चांगलं चाललं, त्याबद्दल तक्रार नाही. वकीलसाहेब अखेरपर्यंत मच्छिंद्रराव म्हणत आले. कधी कधी वाटतं, आबांच्या पाटीवर नाव लागलं असतं तर मी राहिलो असतो का? नसतो राहिलो बहुतेक. दुसऱ्यानं दिलेलं नाव घेऊन माझं समाधान झालं नसतं, तेवढं मी मला ओळखतो. जायचंच होतं तर गेलो, त्याचं काही नाही. पण गळ्यावर वस्तरा ठेवून नको होतं सांगायला. आणि त्या सकाळी सायकल काढून न्यायला जायला हवं होतं. एवढंसं अंतर होतं.

आबा पुढं माझ्या दुकानात पुष्कळदा आले. मंडई उरकली की यायचे, चहा प्यायचे, गिऱ्हाइकांबरोबर गप्पा हाणायचे, माझा हात बघून मान डोलवायचे. पण बसायचे ते बाकावर. खुर्ची रिकामी असली तरी बाकावरच. "बसा की आबा," मी म्हणायचो. "आत्ताच करून आलोय रं," म्हणायचे आणि गालावरून हात फिरवून दाखवायचे.

गाल गुळगुळीत असायचा. पण कानाखाली चार-दोन पांढरे खुंट हमखास राहिलेले असायचे. मला दिसायचे. मी चहा सांगायचो आणि दुसरीकडं बघायचो.